दोन भाषांची एक पोथी

रोम येथील व्हॅटिकन ग्रंथालयात घासून पातळ केलेल्या कातड्याची, म्हणजे चर्मपत्राची, काही सुटी पाने जपून ठेवलेली आहेत. त्यांतली काही भावंडे पॅरिसला आहेत, एक न्यूयॉर्कला आहे. सारी मिळून वीस-पंचवीस पाने. पान सुमारे २६ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद, मजकूर दोन स्तंभांत मांडलेला. पोथी उघडली की उजव्या हाताच्या पानावर ग्रीक भाषा आणि डाव्या हाताच्या पानावर कॉप्टिक. मजकूर मात्र एकच : ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारातील लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने. अक्षरांच्या वळणावरून पंडितांनी हिचा काळ इसवी सनाचे पाचवे शतक असा ठरविला आहे. विद्वानांच्या जगात हिचे नाव ‘बोर्जिया संहिता’. आज आपण या फाटक्या पोथीची विचारपूस करणार आहोत. कारण भाषा कशा जगतात, धर्मग्रंथ कसे बदलतात आणि कोणता पाठ खरा मानावा, हे तिन्ही प्रश्न तिच्या पानांत एकत्र आले आहेत.

पहिला प्रश्न असा की, एकाच गोष्टीसाठी दुप्पट कातडे आणि दुप्पट श्रम खर्च करण्याचे कारण काय? त्यासाठी ईजिप्त देशाकडे वळले पाहिजे. इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरने ईजिप्त जिंकले. त्याच्यामागून टॉलेमी राजे आले, त्यांच्यामागून रोमन आले. परंतु कचेरीची आणि विद्येची भाषा ग्रीकच राहिली. जवळजवळ हजार वर्षे नाईलच्या काठच्या शेतकऱ्याने ग्रीक भाषेत सारा भरला आणि घरात मात्र आपल्या बापजाद्यांची भाषा बोलली. ही त्याची भाषा म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या भाषेचेच शेवटचे रूप. पण तिची जुनी चित्रलिपी देवळांतील पुजाऱ्यांच्या हाती होती आणि तेही संपत चालले होते. आपल्याला ज्ञात असलेला शेवटचा चित्रलेख फिली येथील देवळात इ. स. ३९४ मध्ये कोरला गेला. त्यापूर्वीच लोकांनी एक सोपी वाट काढली होती. ग्रीकांची अक्षरे घ्यायची, आणि ग्रीकांच्या तोंडी नसलेल्या ध्वनींसाठी जुन्या लोकलिपीतून सहा-सात चिन्हे उचलायची. या लिपीत लिहिलेली ईजिप्शियन भाषा म्हणजे कॉप्टिक. आपल्या पोथीतील कॉप्टिक ही दक्षिणेकडची, साहिदी नावाची बोली आहे.

येथे संत अँटनीची हकीकत आठवावी. हा ख्रिस्ती वैराग्याचा आद्य पुरुष. तिसऱ्या शतकात एका प्रार्थनामंदिरात शुभवर्तमानाचे वाचन चालले असता धनत्यागाचा उपदेश त्याच्या कानी पडला आणि त्याने आपली जमीन वाटून टाकली, असे त्याचा चरित्रकार अथानेशियस सांगतो. अँटनी परक्यांशी बोलताना दुभाषा घेई असेही तेच चरित्र सांगते. मग त्याने तो उपदेश समजून घेतला कोणत्या भाषेत? ग्रीक वाचनामागोमाग कोणीतरी लोकभाषेत अर्थ सांगत असले पाहिजे, निदान तोंडी तरी. यरुशलेमला चौथ्या शतकाच्या अखेरीस गेलेली एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री असाच रिवाज लिहून ठेवते : धर्माध्यक्ष ग्रीकमध्ये बोले आणि दुसरा एक जण ते सिरियाक भाषेत उलगडून सांगे. आपली पोथी म्हणजे त्या दुभाष्याला चर्मपत्रावर आणून बसविल्यासारखे आहे.

ही पोथी वरच्या ईजिप्तमध्ये, सोहागजवळच्या ‘पांढऱ्या मठा’त होती. पांढऱ्या चुनखडीच्या भिंतींचे त्याचे भव्य मंदिर आजही उभे आहे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे शेनूते नावाचा प्रतापी मठाधिपती होता. त्याला ग्रीक उत्तम येत होते. तरी त्याने आपली प्रवचने आणि पत्रे लिहिली ती साहिदीत, आणि त्या बोलीला वाङ्मयाची प्रतिष्ठा आणून दिली. ज्या महाराष्ट्राने ज्ञानेश्वर आणि एकनाथ पाहिले, त्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. फरक इतकाच की, पांढऱ्या मठात मूळ आणि देशी ही दोन्ही एकाच पोथीत समोरासमोर बसली.

आता पानांच्या रचनेकडे पाहू. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपल्या बौद्ध ग्रंथांतील मिलिंद, याची नाणी आपणांपैकी काहींनी वस्तुसंग्रहालयात पाहिली असतील. एका बाजूस ग्रीक, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत, आणि दोन्हींकडे तेच नाव. नाणे हातात आले की दोन्ही भाषा हातात आल्या. पोथीचे तसे नाही. मूळ आणि भाषांतर ही एकाच पानाच्या दोन बाजूंना नाहीत, शेजारच्या दोन पानांवर आहेत. म्हणून पोथी विसकटून एखादे पान सुटे निघाले, की त्याच्या एका बाजूस एका प्रसंगाचे ग्रीक आणि मागील बाजूस त्यापुढच्या प्रसंगाचे कॉप्टिक मिळते. एखाद्या वाक्याचे मूळ आणि भाषांतर दोन्ही हाती यायला लागोपाठची दोन पाने वाचली पाहिजेत. पोथी फोडून पाने विकणाऱ्याने केवळ पुस्तक फोडले नाही. चौदाशे वर्षे चाललेले संभाषण तोडले.

ही फाटाफूट अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत झाली. मठ ओस पडत चालला होता आणि त्याच्या ग्रंथसंग्रहातील पाने युरोपात येऊ लागली होती. त्या वेळी रोममध्ये स्तेफानो बोर्जा नावाचा एक विलक्षण संग्राहक होता. धर्मप्रसार करणाऱ्या ‘प्रोपगांदा फीदे’ या संस्थेचा तो १७७० पासून चिटणीस होता आणि १७८९ मध्ये कार्डिनल झाला. जगभर पसरलेल्या मिशनऱ्यांच्या हस्ते त्याने व्हेल्लेत्री या आपल्या गावी मोठे संग्रहालय उभे केले. आपल्या पोथीला त्याचेच नाव मिळाले आहे. १७८९ मध्ये ज्योर्जी या विद्वानाने तिच्यातील योहानाचा भाग छापला, आणि झोएगा या डेन्मार्कच्या पंडिताने बोर्जाच्या कॉप्टिक हस्तलिखितांची सूची तयार केली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८१० मध्ये निघाली. संस्थेकडील हा संग्रह १९०२ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयात गेला. पुढे निरनिराळ्या क्रमांकांखाली नोंदलेली पॅरिसची पाने याच पोथीची असल्याचे ओळखू आले.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बोर्जा चिटणीस असतानाच, १७७८ मध्ये, त्याच संस्थेच्या छापखान्यात पोर्तुगीज भाषेत लिहिलेले मराठीचे एक व्याकरण छापून निघाले. व्हेल्लेत्रीच्या संग्रहात भारतीय हस्तलिखितेही होती; मलबारात राहून आलेल्या पाउलिनुस नावाच्या कार्मेलाइट साधूने त्यांची सूची १७९३ मध्ये प्रसिद्ध केली. नाईलकाठची साहिदी आणि आपली मराठी या अशा एकाच दाराने युरोपच्या विद्येत शिरल्या. हेतू धर्मप्रसाराचा होता. लाभ मात्र भाषाशास्त्राचाही झाला.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानात एक हृदयस्पर्शी कथा आहे. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला दगडांनी ठेचण्यासाठी लोक येशूपुढे आणतात. ज्याने पाप केले नसेल त्यानेच पहिला दगड टाकावा, असे तो सुचवितो आणि एकेक जण निघून जातो. ही कथा सातव्या अध्यायाच्या शेवटी आणि आठव्याच्या आरंभी येते. बोर्जिया संहितेतील हा भाग सुदैवाने शिल्लक आहे. आणि त्यात ही कथा नाही! पान फाटलेले नाही, ओळ पुसलेली नाही. सातवा अध्याय संपतो आणि लेखक सरळ आठव्याच्या बाराव्या वचनाकडे वळतो. लूकच्या पोथीतही, येशूच्या घामाचे थेंब रक्तासारखे पडले अशी जी दोन वचने पुष्कळ प्रतींत आढळतात, ती येथे नाहीत.

ही एका लेखकाची चूक म्हणता येत नाही. व्हॅटिकनमधील चौथ्या शतकाची प्रसिद्ध संहिता हेच सांगते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला बॉडमर संग्रहातील त्याहून जुना पपायरसही तेच सांगतो. उलट केंब्रिजला असलेली बेझाची संहिता ही स्त्रीची कथा देते. ती पोथीही द्विभाषी, ग्रीक आणि लॅटिन, आणि जवळपास त्याच काळची. बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ही कथा गाळली असावी, असा तर्क संत ऑगस्टिनने केला होता. आजचे बहुतेक अभ्यासक असे मानतात की, कथा पुरातन आहे, परंतु योहानाच्या मूळ ग्रंथातली नाही.

हे ऐकून एखाद्या भाविकाचे मन दुखेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा आपल्याकडेही अशीच वेळ आली. विष्णु सीताराम सुकथनकरांचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही सर्वांची आवडती कथा मुख्य संहितेत राहिली नाही, परिशिष्टात गेली. म्हणून कोणी गणपतीची पूजा सोडली नाही. जुन्या प्रतींची साक्ष काढणे म्हणजे श्रद्धेवर घाव घालणे नव्हे. आपल्या पूर्वजांनी काय लिहिले आणि काय मागाहून आले, एवढेच प्रामाणिकपणे विचारणे होय. त्या स्त्रीची कथा प्रथम कोणी लिहिली हे ठरो वा न ठरो, दगड खाली टाकण्याचा तिचा उपदेश त्यामुळे खोटा ठरत नाही.

शेवटी भाषेच्या नशिबाविषयी थोडे. इ. स. ६४१ मध्ये अरबांनी ईजिप्त जिंकले आणि आठव्या शतकाच्या आरंभी कचेऱ्यांत अरबी आली. ग्रीकचे आसन डळमळले, आणि काही शतकांनी कॉप्टिकचेही. मग नव्या द्विभाषी पोथ्या निघू लागल्या : एका स्तंभात कॉप्टिक, शेजारी अरबी. ज्या भाषेला एके काळी लोकांना समजावे म्हणून ग्रीकच्या शेजारी बसविले होते, तिलाच आता समजावून सांगायला शेजारी दुसरी भाषा लागली. घराघरांतून ती नाहीशी झाली. ईजिप्तच्या ख्रिस्ती उपासनेत मात्र तिचे स्वर आजही ऐकू येतात. आणि याच भाषेच्या ज्ञानाचा आधार घेऊन शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने १८२२ मध्ये चित्रलिपीचे कोडे सोडविले.

श्रोते हो, या पोथीच्या लेखकाने साहिदीला डावे पान दिले, तेव्हा ते पान एक दिवस फराओंच्या भाषेची किल्ली ठरेल हे त्याच्या स्वप्नीही नसेल. मठातल्या आणि शेतावरल्या माणसाला कळावे, इतकाच त्याचा हेतू होता. आपल्या घरच्या भाषेत जे आपण नीट लिहून ठेवू, तेवढेच पुढच्यांच्या हाती उरते. बाकीचे वाऱ्यावर जाते.