गिरणगावाचे अभिजनीकरण

गिरणगावाचे अभिजनीकरण म्हणजे मध्य मुंबईतील लालबाग, परळ, वरळी आदी गिरणी कामगारांच्या वस्त्यांचे उच्च उत्पन्न गटाच्या निवासी व व्यापारी भागांत झालेले रूपांतर होय. या प्रक्रियेसाठी ‘जेंट्रिफिकेशन’ ही संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात वापरली.

पार्श्वभूमी

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. पुढे कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांमुळे गिरण्यांच्या परिसरात चाळी, खाणावळी, व्यायामशाळा व भजनी मंडळे उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या.

जमिनींचा प्रश्न

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात सुमारे एक तृतीयांश या प्रमाणात विभागली जाणार होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. त्यामुळे उद्याने व कामगारांच्या घरांसाठी मिळणारा वाटा घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल, तर कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आली.

चाळींचा पुनर्विकास

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे देण्याची योजना म्हाडा राबवत आहे. स्वतंत्र शौचालय व पक्के घर हा रहिवाशांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. मात्र नाममात्र भाड्याच्या जागी येणारा देखभाल खर्च आणि सामायिक गॅलरीभोवतीच्या शेजाराचा अंत हे चिंतेचे विषय ठरले आहेत.

अस्सलपणाचा प्रश्न

महानगरांत ‘अस्सलपणा’ ही विक्रीयोग्य वस्तू बनते आणि तो निर्माण करणारे रहिवासीच विस्थापित होतात, असे प्रतिपादन शॅरन झुकिन यांनी ‘नेकेड सिटी’ या ग्रंथात केले आहे. गिरणगावात याची दोन्ही रूपे दिसतात. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात शोभेसाठी उरली आहे. तर लोअर परळमधील काही गृहप्रकल्पांची जाहिरात ‘अप्पर वरळी’ या नावाने होते. याउलट १९३४ मध्ये सुरू झालेल्या लालबागच्या राजासारखे सार्वजनिक गणेशोत्सव उपनगरांत गेलेल्या कुटुंबांना जुन्या वस्तीशी जोडून ठेवतात.

साहित्य व चित्रपट

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावर आधारित महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट संपामुळे उद्ध्वस्त झालेल्या गिरणी कामगार कुटुंबाचे चित्रण करतात.