जॉन सेंगस्टॅक : 'शिकागो डिफेंडर' टिकवणारे प्रकाशक

जॉन हर्मन हेन्री सेंगस्टॅक (२५ नोव्हेंबर १९१२ – २८ मे १९९७) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृत्तपत्रसृष्टीचे मोठे प्रकाशक आणि संघटक होते. 'शिकागो डिफेंडर' हे पत्र त्यांनी १९४० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे चालवले. आपल्याकडे या पत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांचे नाव काहींना माहीत असते, पण त्यांच्यानंतर पत्र जगवणाऱ्या या पुतण्याची ओळख फारशी नाही. म्हणून हा लेख.

घराणे

सेंगस्टॅक यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे झाला. आजोबा धर्मोपदेशक होते आणि 'वुडव्हिल टाइम्स' नावाचे छोटे पत्र काढत. पुढे ते जॉन यांच्या वडिलांनी चालवले. जॉन लहानपणी तिथेच काम शिकले.

आजोबांचे सावत्र पुत्र रॉबर्ट अ‍ॅबट यांनी ५ मे १९०५ रोजी शिकागोत 'डिफेंडर' सुरू केले. भांडवल २५ सेंट आणि पहिल्या अंकाच्या प्रती ३००. दक्षिणेत हे पत्र उघडपणे वाटणे धोक्याचे होते, म्हणून रेल्वेतील कृष्णवर्णीय पोर्टर ते गुपचूप पोहोचवत. एकाने वाचायचे, दहा जणांनी ऐकायचे. दक्षिणेतील लिंचिंग आणि वेठबिगारी सोडून उत्तरेकडे या, असे 'डिफेंडर' सांगत राहिले आणि महास्थलांतराला त्याने मोठे बळ दिले. अ‍ॅबट यांना मूल नव्हते. त्यांनी पुतण्याच्या शिक्षणाला मदत केली. हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमधून पदवी घेऊन जॉन १९३४ मध्ये काकांच्या हाताखाली रुजू झाले.

संघटन आणि सरकारशी सामना

फेब्रुवारी १९४० मध्ये सेंगस्टॅक यांनी कृष्णवर्णीय प्रकाशकांना शिकागोत एकत्र बोलावले. त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती आजही काम करते. त्याच दिवसांत, २९ फेब्रुवारीला, अ‍ॅबट वारले आणि पत्राची धुरा २७ वर्षांच्या जॉन यांच्यावर आली.

दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय पत्रे सैन्यातील भेदभावावर सडकून लिहीत होती. सरकारमधील काहींना हा राजद्रोह वाटला. १९४२ मध्ये सेंगस्टॅक थेट अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांना भेटले. अन्यायावर लिहिणे थांबणार नाही, आमच्या वार्ताहरांना मात्र अधिकाऱ्यांकडून माहिती मिळू द्या, अशी त्यांची भूमिका होती. खटले टळले. १९४४ मध्ये हॅरी मॅकअल्पिन हे व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेला हजर राहणारे पहिले कृष्णवर्णीय वार्ताहर ठरले, त्यामागेही सेंगस्टॅक यांचे प्रयत्न होते.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या समितीत सेंगस्टॅक सदस्य होते.

विस्तार आणि ओहोटी

१९५१ मध्ये त्यांनी मेम्फिस येथे 'ट्राय-स्टेट डिफेंडर' काढले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी 'डिफेंडर' दैनिक झाले. १९६० च्या दशकात 'पिट्सबर्ग कुरिअर' हे नामांकित पत्रही त्यांच्या समूहात आले.

पण त्यानंतर परिस्थिती बदलली. मोठी गोरी दैनिके कृष्णवर्णीय पत्रकार घेऊ लागली, वाचक आणि जाहिराती विभागल्या. सेंगस्टॅक यांच्या निधनानंतर वारसा कराचा बोजा आला आणि २००३ मध्ये घराण्याची मालकी संपली. जुलै २०१९ मध्ये 'डिफेंडर'ची छापील आवृत्ती बंद झाली. आता ते फक्त ऑनलाइन निघते.

आपल्यासाठी

'डिफेंडर' दैनिक झाले त्याच्या दोनच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. हा योगायोगच. पण 'मूकनायक'पासून बाबासाहेबांना पैशाची आणि वर्गणीदारांची जी चिंता वाहावी लागली, तीच चिंता सेंगस्टॅक यांनी आयुष्यभर वाहिली. लेखणी धारदार असणे पुरेसे नाही. छापखाना, वितरण, हिशेब आणि पुढची पिढी तयार करणेही चळवळीचेच काम आहे. सेंगस्टॅक यांनी संघटना बांधली, म्हणून सरकारसमोर ते एकटे पडले नाहीत. मालकी मात्र एका घराण्यात राहिली आणि एका मृत्यूने ती डळमळली. आपली माध्यमे उभारताना आम्हाला या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.