ताम्रपटाचा पत्रा : अग्निसंस्कार आणि विद्युत्प्रवाह

ठाण्याच्या किल्ल्यांत इ. स. १७८७ मध्यें पायाचें खोदकाम चालू असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सांपडला. त्याचें भाषांतर 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध झालें. भिवंडी तालुक्यांतील भादाणे येथील अपराजिताचा ताम्रपट याहून जुना, शके ९१९ चा होय. म. म. मिराशी यांनीं शिलाहारांच्या लेखांचा संग्रह इ. स. १९७७ त संपादिला, तेव्हां वंशावळ, तिथि व दत्त ग्रामें यांचा ऊहापोह उत्तम झाला. परंतु अक्षरें ज्यावर कोरलीं त्या पत्र्याचा विचार क्वचितच होतो. दानलेख पटावर किंवा ताम्रपटावर लिहवून मुद्रांकित करावा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. पत्रा कसा घडवावा हें तांबटाच्या हातास ठाऊक.

तांब्यावर हातोडा चालला कीं तें कठीण होत जातें. तसेंच ठोकीत राहिल्यास चीर पडते. म्हणून तांबट मधून मधून पत्रा भट्टींत लाल होईपर्यंत तापवितो. मग तो पाण्यांत बुडविला तरी पोलादाप्रमाणें कठीण न होतां मऊच राहतो. शेवटचें मठारकाम थंड पत्र्यावर होतें व त्यानें भांड्यास ताठपणा येतो. ठोकण्यानें धातूच्या सूक्ष्म कणांतील रचनादोष वाढून एकमेकांस अडवितात. पुरेशा उष्णतेनें जुन्या कणांच्या जागीं नवे कण जन्मतात, हें याचें कारण.

डोंबिवली-कल्याणच्या मध्यें ठाकुर्ली येथें रेल्वेचें वीजगृह इ. स. १९२९ त सुरू झालें. त्या काळीं विजेचें काम गाड्या ओढण्याचें होतें. पुढें इ. स. १९६३ त ट्रॉइट्स्की व लिख्तमन या रशियन संशोधकांनीं जस्ताच्या स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असतां ते अधिक सुलभतेनें वांकतात, असें प्रसिद्ध केलें. त्यांतून पत्र्यांतून प्रबळ प्रवाहाचे क्षणिक झटके देत त्यास आकार देण्याची विद्या निघाली. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूंस ती लाविली जाते; पत्रा कमी जोरानें वांकतो व सोडल्यावर कमी उसळतो. हा परिणाम केवळ उष्णतेचा कीं इलेक्ट्रॉनांचा स्वतंत्र, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे.

आतां प्रश्न संग्राहकांचा. वांकलेला ताम्रपट सरळ करण्यास भट्टी नको, वीज चालेल, असें कोणास वाटल्यास तें आम्हांस मान्य नाहीं. तांब्याचा विद्युद्रोध अल्प असल्यानें प्रवाह प्रचंड लागतो. शिवाय जुना पत्रा सर्वत्र सारखा नसतो. कोरलेल्या अक्षरांखालीं व गंजलेल्या जागीं तो पातळ असतो. तेथें प्रवाह दाटतो आणि उष्णता अधिक होते. चिरेच्या टोंकाशींही तसेंच. म्हणजे जें जपावयाचें त्यासच प्रथम इजा.

दुसरी हानि याहून मोठी. हातोड्यानें घडलेल्या पत्र्याची कणरचना यंत्रांत लाटलेल्या पत्र्याहून भिन्न असते, आणि बनावट ताम्रपट ओळखण्यास ती उपयोगी पडते. पत्रा पुरेसा तापला कीं ही साक्ष नाहींशी होते. लेख शाबूत राहूनही त्याचें प्रामाण्य उणें होतें. यास्तव वांकलेला पत्रा तसाच ठेवावा, त्याचे ठसे व छायाचित्रें घ्यावीं, जाडी ठिकठिकाणीं मोजून नोंदवावी, आणि सरळ करणें अपरिहार्यच झालें तर धातुरक्षण जाणणाऱ्याचा सल्ला घेतल्यावांचून हात लावूं नये.