दोन तारखांचे प्रजासत्ताक

राष्ट्रीय सण म्हणजे राष्ट्राने आपल्या स्मृतीतून केलेली निवड असते. काय आठवायचे आणि काय विसरायचे, हे दोन्ही तिच्यात ठरते. इतिहासाचा अध्यापक म्हणून मी २६ जानेवारीकडे या दृष्टीने पाहतो.

राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली. नागरिकत्वासारखी काही कलमे त्याच दिवशी अंमलात आली. उरलेली घटना मात्र दोन महिने थांबली. लाहोर काँग्रेसच्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० हा पूर्ण स्वराज्याचा दिन म्हणून पाळला गेला होता. घटनेचा आरंभ त्या स्मृतीशी जोडायचा होता. याला आक्षेप नाही. पण १९३० ची एवढीच आठवण का?

त्या दिवसानंतर अवघ्या ३५ दिवसांनी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथे दरवाजे बंद करणारे हात परकीयांचे नव्हते. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे नेटाने चालवला. तरी मंदिर उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि हा सत्याग्रह थांबवण्यास सांगितले. मी ऐकलेल्या प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांत हे १९३० कधीच आले नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीला बजावले होते की, २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत: राजकारणात समता, समाजजीवनात आणि अर्थव्यवहारात विषमता. म्हणजे ज्या दिवसाचा आपण उत्सव करतो, त्याच दिवसाविषयी घटनेच्या शिल्पकाराने आधीच इशारा दिला होता.

ही विसंगती मिटलेली नाही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापूर्वी तामिळनाडूच्या मुख्य सचिवांना जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे लागले की, ग्रामपंचायतींच्या दलित अध्यक्षांना ध्वज फडकवण्यास कोणी अडवू नये. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ध्वजाची दोरी मात्र अजून जात विचारते.

म्हणून केवळ ध्वजवंदन करून घरी परतणे आपल्याला परवडणारे नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरवली जाते. तेथे आपल्या वस्तीचे पाणी, स्मशानभूमी आणि गायरान यांचा हिशेब कार्यकर्त्यांनी मागावा. शिक्षकांनी वर्गात दोन्ही १९३० शिकवावीत. घटना पाळली जाते की नाही, हे विचारणे हाच तो दिवस पाळण्याचा मार्ग आहे.