मिसळलेल्या मतपत्रिका

निवडणुकीत कोण जिंकले हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. मते मोजली कशी आणि ती मोजताना पाहिले कोणी, यासाठी मात्र नियमांची पुस्तके चाळावी लागतात.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. निरक्षर मतदाराला अडचण नको म्हणून पेटीवर चिन्ह असे आणि मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. मोजणी सोपी होती. पण पसंतीची खूण कागदावर नव्हतीच, ती होती पेटीवर. कागद एका पेटीतून दुसरीत गेला तर ओळखणार कसा? १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वांची पेटी एक झाली आणि मतदार मतपत्रिकेवरच शिक्का मारू लागला. तेव्हापासून मोजणीच्या टेबलावर नवा वाद आला: शिक्का रेषेवर पडला, तर मत कोणाचे?

नव्वदच्या दशकात मी एका उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून रात्रभर जाळीमागे बसलो होतो. आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या जुळवली. मग सगळ्या गठ्ठ्यांची एका मोठ्या पिंपात सरमिसळ झाली. शेजारच्या प्रतिनिधीला आपल्या गावाने किती मते दिली हे हवे होते. ते कळू नये म्हणूनच तर ते पिंप, हे मला नंतर नियम वाचताना उमगले. निवडणूक नियमांतला ५९अ हा नियम सांगतो की, मतदारांवर दहशत किंवा सूड यांची भीती असेल तर आयोग सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजायला लावू शकतो. गावाला मिळालेले हे संरक्षण होते.

मतदान यंत्राने ते काढून घेतले. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघाच्या पन्नास केंद्रांवर यंत्र प्रथम वापरले गेले. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. कायदा नंतर बदलला आणि २००४ची लोकसभा निवडणूक पूर्णपणे यंत्रांवर झाली. यंत्र एकेका केंद्राचे मोजले जाते. वस्ती कोणाकडे झुकली, हे दुपारपर्यंत तालुक्याला ठाऊक होते. पाणी, रस्ता, घरकुल यांची आस धरून बसलेल्या वस्तीला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

निवडणूक आयोगाने २००८मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला: अनेक यंत्रांची एकत्रित बेरीजच दाखवणारे उपकरण. विधी आयोगाने २०१५च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. पण ते आजही वापरात नाही.

मग टोटलायझर आणावा, असे मीही बरीच वर्षे म्हणत होतो. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. मतदान संपताच केंद्रावरच्या प्रतिनिधींना फॉर्म १७-सीची प्रत मिळते. त्यात त्या यंत्रात नोंदलेली एकूण मते असतात. मोजणीच्या वेळी तो आकडा आणि यंत्राचा आकडा जुळतो का, हे साधा कार्यकर्ताही पाहू शकतो. यंत्रे एकत्र मोजली तर ही पडताळणी अवघड होते.

म्हणजे गावाचे गुपित राखावे तर मोजणी झाकली जाते आणि मोजणी उघडी ठेवावी तर गाव उघडे पडते. पिंपाच्या काळी आधी केंद्राची बेरीज जुळवत आणि मगच कागद मिसळत. दोन्ही गोष्टी एका रात्रीत साधत असत. तो क्रम यंत्रालाही लावता येईल: आधी प्रत्येक यंत्रातली एकूण मतेच फॉर्मशी जुळवावीत, मग उमेदवारांची बेरीज एकत्र करावी. यंत्र बदलले म्हणून जुने शहाणपण टाकायचे कारण नाही.