सोयाबीन तव्यावर: बिनदुधाच्या पॅनकेकचा मागोवा

पॅनकेक म्हटलं की मैदा, अंडं, लोणी आणि दूध. टीव्हीवर, मोबाइलवर पाहून मुलं तो मागू लागली आणि वाशिम, रिसोड, कारंजासारख्या गावांतही सुटीच्या दिवशी न्याहारीला तो होऊ लागला. कुणाला दूध पचत नाही, कुणी जनावरापासून मिळणारं काहीच खायचं नाही असं ठरवलेलं असतं, कुणाच्या घरात अंडं येत नाही. अशी माणसं त्यातलं दूध आणि अंडं वगळायची वाट शोधत असतात. ही वाट लांबून आणायची गरज नाही. दूध न घातलेलं पातळ पीठ तव्यावर पसरून भाजणं वऱ्हाडातल्या बायकांना पिढ्यानपिढ्या येतं. आणि ज्या दाण्यातून दूध निघतं, तो दाणा वाशिम जिल्ह्यात दर खरिपाला घराच्या ओसरीपर्यंत येतो. तिथून तो चुलीकडे मात्र वळत नाही. असं का झालं, हे पाहायचं तर धिरडं आणि सोयाबीन या दोन्हींचा माग काढायला हवा.

धिरड्याचा माग बराच मागे जातो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात धोसक नावाचा पदार्थ येतो. डाळी भिजवायच्या, साली काढून बारीक वाटायच्या, हिंग, जिरं, मीठ घालायचं आणि तेल लावलेल्या तापल्या तव्यावर ते वाटण पसरायचं. तांदूळ नाही, दूध नाही, अंडं नाही. मिरची तेव्हा या देशात आलेली नव्हती, म्हणून तीही नाही. राजाच्या मुदपाकखान्यातला हा पदार्थ आणि आपल्याकडचं बेसनाचं धिरडं शेजारी ठेवलं तर नातं सांगावं लागत नाही.

वऱ्हाडात धिरडं बेसनाचं होतं, तसं ज्वारीच्या पिठाचं होतं, कणकेत गूळ विरघळवून गोडही होतं. गुळाचं धिरडं हा खरं तर पॅनकेकचाच घरचा अवतार: कणीक, गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ, कडेने तेल. पीठ पाण्यात भिजतं आणि तरीही मऊ होतं, कारण मऊपणा येतो तो पिठाला मुरायला दिलेल्या वेळातून. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कारंजा, शिरपूर इथल्या जैन घरांत तर याला धर्माचाही आधार आहे. कच्चं दही-ताक आणि डाळीचं पीठ एकत्र खायचं नाही, हा द्विदलाचा नियम. तो पाळणाऱ्या घरात बेसनाचं धिरडं ताकात न भिजवता पाण्यातच भिजवतात. पदार्थातून दूध बाजूला ठेवणं ही काही विलायती लहर नाही.

मग दुधाची उणीव भासली कधी? माझं मत असं आहे की ती पिकासोबत भासू लागली. चार दशकांपूर्वी या भागातली शेती कापूस आणि ज्वारीची होती, सोबत तूर, मूग, उडीद. ज्वारीचं कणीस माणसाला आणि कडबा जनावराला, असा तो हिशेब होता. कडबा होता म्हणून दारात गाय-म्हैस होती. 1980 नंतर सोयाबीन शिरलं आणि 1990 च्या दशकात त्याने जोर धरला. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-335 हे वाण 1994 मध्ये प्रसारित झालं आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं. शंभरेक दिवसांत हाती येणारं पीक, कापसासारखी दोन-तीन वेचणीची मजुरी नाही, दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा. त्यांनी ते निवडलं यात त्यांचं काही चुकलं नाही. पण ज्वारी मागे पडली, तिच्यासोबत कडबा गेला. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि अनेक घरांच्या गोठ्यांतली दुभती जनावरंही कमी झाली. दूध पिशवीतून येऊ लागलं. ज्या पिकामुळे गोठा रिकामा होत गेला, त्याच पिकाच्या दाण्यात दूध होतं.

ते दूध काढायचा विचार आपल्या परिसरात फार आधी झालेला आहे. गांधीजींनी 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं, आणि आपण व्रताचा शब्द पाळला पण त्याचा आत्मा गमावला ही सल त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. दुधाची जागा घेईल असं वनस्पतिजन्य अन्न त्यांना शेवटपर्यंत हवं होतं. 1935 मध्ये ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं कामही तिथूनच चालत होतं. मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीन वाढून पाहण्याचा प्रयोग झाला आणि ‘हरिजन’मधून गांधीजींनी या दाण्याबद्दल लिहिलं. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर मोठं इंग्रजी पुस्तक केलं. ते 1936 मध्ये बडोद्याहून निघालं. लागवड, पोषण आणि सोबत शेकडो पाककृती. एका मराठी माणसाने नव्वद वर्षांपूर्वी हे काम केलं होतं याची आठवण आज कुठल्याही सोयाबीन मेळाव्यात निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड. तरीही मगनवाडीतला तो प्रयोग नदीच्या अलीकडे घराघरांत रुजला नाही. तेव्हा इथे सोयाबीन पिकतच नव्हतं, आणि पिकू लागलं तेव्हा प्रयोगाची आठवण उरली नव्हती.

जगात इतरत्र वेगळं घडलं. चीनमध्ये सोयाबीनचं दूध जुनंच. हाँगकाँगमध्ये 1940 मध्ये ‘व्हिटासॉय’ ही कंपनी गरिबांना स्वस्त पोषण मिळावं म्हणून सुरू झाली. इंग्लंडमध्ये 1944 मध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्यातल्या लेस्ली क्रॉस यांच्या पुढाकाराने निघालेलं सोयादूध 1965 मध्ये दुकानात आलं. बेकिंग पावडरीचा जन्मही अशाच अडचणीतून झालेला आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट सोसत नव्हतं. म्हणून बर्ड यांनी 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. आज आपण अंड्यावाचून पॅनकेक फुगवतो तो त्यांच्याच जोरावर. आपल्या शेजारीही उदाहरण आहे: उत्तर कर्नाटकात करडईचे दाणे वाटून त्यांचं दूध काढतात आणि त्या दुधाची हुग्गी नावाची खीर करतात. तेलबियांचं दूध ही कल्पना दख्खनला परकी नाही.

भारतात पिवळ्या सोयाबीनचा पद्धतशीर प्रसार 1960 च्या दशकात सुरू झाला, तो जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांत, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. 1967 मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प निघाला. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. देशाला तेल हवं होतं, म्हणून गिरण्या उभ्या राहिल्या. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात गेली. शेतकऱ्याची सोयाबीनशी गाठ बाजार समितीच्या काट्यापाशी संपते. घरात मात्र सोयाबीन वड्यांच्या पाकिटातून किंवा तेलाच्या पिशवीतून विकत येतं.

घरी ते न रुजण्याचं दुसरं कारण म्हणजे वास. कच्चा भिजवलेला दाणा गार पाण्यात वाटला की एक उग्र, हिरवट वास सुटतो आणि एकदा नाक मुरडलेलं मूल पुन्हा त्या दुधाला तोंड लावत नाही. हा वास दाण्यातल्या एका विकरामुळे येतो, आणि तो वाटताना पाणी लागलं की तयार होतो. आधी दाणा उकळून घेतला तर ते विकर निष्क्रिय होतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 1970 च्या दशकात नेमकं हेच दाखवून दिलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतही 1985 पासून सोयाबीन प्रक्रियेचं वेगळं केंद्र आहे. युक्ती साधी आहे, ती खेड्यातल्या चुलीपर्यंत पोचायला हवी होती.

आता करायचं कसं ते सांगतो. एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी चोळून टरफलं काढा. गंजात पाणी खळखळून उकळू द्या, दाणे त्यात टाका आणि दहा मिनिटं उकळा. ते पाणी फेकून द्या. सहा वाट्या गरम पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. हे दूध मंद आचेवर ढवळत पंधरा-वीस मिनिटं पुन्हा उकळा. ही दुसरी उकळी टाळू नका, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच जातो. फडक्यात उरलेला चोथा टाकू नका, थालीपिठाच्या पिठात तो छान मिसळतो.

एक वाटी या दुधात चमचाभर लिंबाचा रस घाला. पाच मिनिटांत ते ताकासारखं दाटतं. एक वाटी कणीक घ्या, किंवा अर्धी कणीक आणि अर्धं ज्वारीचं पीठ. मला दुसरं जास्त आवडतं. त्यात मोठा चमचा बेसन, दोन चमचे किसलेला गूळ, लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक चमचा तेल. दूध ओतून हलकेच कालवा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील, फार घोटलं की कणीक चिवट होते. दहा मिनिटं मुरू द्या. ज्वारीचं पीठ असेल तर थोडं दूध जास्त लागतं. तवा मध्यम आचेवर, पळीभर पीठ, पसरवायचं नाही. वर बुडबुडे फुटून छिद्रं दिसली की सराट्याने उलटा. अंड्याचं बांधून ठेवायचं काम बेसन करतं, फुगवण्याचं काम लिंबू आणि पावडर करतात.

सोयादुधातली प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, पण कॅल्शियम फार कमी, तेव्हा पिठात तीळ टाकावेत. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये, आणि कुणाला सोयाबीनची ॲलर्जी असेल तर त्या घरात शेंगदाण्याचं दूध याच रीतीने होतं, अर्थात शेंगदाणाही सोसत असेल तर.

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, म्हणजे किलोला साडेत्रेपन्न रुपयेही नव्हते. एका किलोतून सहा ते आठ लिटर दूध निघतं. वाशिमच्या शेतकरी कुटुंबांना माझं सांगणं एवढंच: यंदा मळणी झाली की सगळा माल काट्यावर नेऊ नका. चांगला वाळलेला, निवडलेला एक पायली दाणा घरच्या डब्यात ठेवा. मात्र पेरणीसाठी आणलेल्या थैलीतलं बियाणं चुकूनही खाऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.