पुढच्या मालकाने ठरवलेली किंमत

वास्तूत घातलेल्या भरीची खरी किंमत पुढचा मालक ठरवतो. दौलताबादला खंदक होता, ताशीव कडा होता. १५व्या शतकात बहमनींनी चाँदमिनारही उभारला. १६३३ मध्ये किल्ला मोगलांनी घेतला, पण दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने ठाणे केले ते मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत. तिथे अंबरची नहर जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरभर पाणी खेळवत होती. दौलताबादलाही हत्ती हौद होता, असा आक्षेप रास्त आहे. पण हौद म्हणजे साठा, वाढती वस्ती वाहत्या पाण्यावरच पोसते. खडकीच्या सपाट जागेचेही महत्त्व होतेच, तरी पाण्याविना ती ओसाडच राहिली असती. म्हणूनच पुढच्यांनी मिनार नव्हे, नहरी वाढवल्या. पाणचक्की अशाच एका नहरीवर फिरली.